साळवेअण्णांच्या घरची झोप

आमच्या आणि साळवेअण्णांच्या घरामधली भिंत एका विटेची होती. बेलापूरच्या बाजूला एका साखर कारखान्याची कॉलनी, आणि त्या कॉलनीच्या टोकाला कामगारांची चाळ. लग्न होऊन मी तिथं राहायला आले तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पहिल्याच रात्री भिंतीपलीकडून पैंजणांचा आवाज यायला लागला. थोडं चालणं, मग थांबणं, मग पुन्हा चालणं. मी घाबरून यांना हलवलं. "अण्णांची सुजाता आहे," हे कूस बदलत म्हणाले, "ती झोपत नाही. होईल सवय."

सवय झाली. पैंजणांमागून येणाऱ्या दुसऱ्या आवाजाची मात्र कधी झाली नाही. तो आवाज अण्णांचा होता. अगदी खालच्या पट्टीत ते तिच्याशी बोलत राहायचे. शब्द कळायचे नाहीत. एखाद्यानं विहिरीच्या काठावर बसून पाण्याशी बोलावं तसं ते ऐकू यायचं.

अण्णा कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. उसाचे ट्रॅक्टर, गाड्या काट्यावर चढायच्या आणि अण्णा वजन लिहून घ्यायचे. उंच, हडकुळे, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि डोळे कायम लाल. नवीन माणसाला वाटायचं, हा गडी पिणारा असणार. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्यासमोर ते रोज सकाळी अगरबत्ती लावत, आणि कधीकधी तिथंच भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागे. अगरबत्तीची राख पडून जायची, अण्णा उभेच.

ते कुठंही झोपायचे. लग्नाच्या मांडवात, शोकसभेत, पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर. दर दोन दिवसांनी ते रामभाऊ न्हाव्याच्या दुकानात दाढीला जात. एवढ्या लवकर त्यांची दाढी वाढत नसे, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. गालाला साबण लागला की अण्णा गेलेच. रामभाऊ पुढच्या गिऱ्हाइकाला बाकावर बसवून त्याची दाढी करायचा आणि म्हणायचा, "हळू बोला, खुर्चीत झोपलंय मानूस." साबण गालावर वाळायचा. जागे झाले की अण्णा ओशाळे होऊन विचारायचे, "झाली का रं?" आणि रामभाऊ पुन्हा साबण लावायला घ्यायचा.

कुणी गमतीनं विचारलं, "अण्णा, रात्रभर करता काय?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "काय न्हाई. रात राखतो."

रात्र राखता राखता त्यांना आमची सगळ्यांची घरं माहीत झाली होती. सकाळी नळावर भेटले की विचारायचे, "ताई, बाळाचं पोट दुखत हुतं का वो? लई रडलं." पलीकडच्या भोसल्यांना म्हणाले, "तुमचा खोकला बरा न्हाई, फोटू काढून घ्या छातीचा." कोण उशिरा घरी येतं, कोणाच्या घरी भांडण झालं, कोणती बाई न्हाणीत जाऊन रडते, हे सगळं त्यांच्या कानावरून जायचं. एका शब्दानं ते कुणाला सांगत नसत. आम्ही मात्र त्यांच्याबद्दल एवढंच जाणत होतो, की बायको काविळीनं गेली, मुलगी मतिमंद आहे, आणि घरात म्हातारी चुलती आहे. भागाबाई तिचं नाव. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळं त्या घरात निवांत झोपणारी ती एकटीच. दिवसा अण्णा कामावर गेले की सुजाला तीच सांभाळायची.

मी राहायला आले तेव्हा सुजा आठ-नऊ वर्षांची असेल. गोरीपान नव्हती, पण चेहरा मोठा रेखीव. बोलत नसे. हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून हलवत राही आणि स्वतःशीच हसे. दुपारी कधी तासभर डोळा लागला तर लागला. रात्री ती चालायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दाराशी, खिडकीशी, पुन्हा दाराशी. पैंजण अण्णांनीच घातले होते, डोळा लागलाच तर कान जागा राहावा म्हणून.

गावातल्या डॉक्टरांनी एकदा झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. चार दिवस सुजा ओट्यावर बसून असायची, मान एका बाजूला, तोंडातून लाळ. रात्री पुन्हा उठायची, पण तोल जाऊन पडायची. कपाळाला खोक पडली तेव्हा अण्णांनी गोळ्या मोरीत टाकल्या. मला म्हणाले, "झोप न्हाई ही, ताई. पोरीचं पोतं करून टाकलं. असली झोप आपल्याला नको."

अण्णा फारसं काही मागणारे नव्हते. साखर संपली तरी वाटी घेऊन येत नसत. एकदाच दुपारच्या वेळी दारात येऊन उभे राहिले. ड्यूटी सोडून आले होते. चप्पल काढली, घातली, पुन्हा काढली.

"काय झालं अण्णा?"

"सुजाचं..." ते जमिनीकडं बघत म्हणाले. "ती घाबरलीया. चुलतीला सांगितलं तर ती वराडती. ताई, आता तिची आई पायजे हुती."

मला कळलं. मी हातातलं काम टाकून गेले. सुजा कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. तिला न्हाऊ घातलं, कपडे बदलले, पुढं दर महिन्याला काय करायचं ते भागाबाईच्या कानात ओरडून सांगितलं. बाहेर आले तर अण्णा रस्त्याच्या कडेला पाठमोरे उभे होते. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. दारात मात्र अधूनमधून शेवग्याच्या शेंगांची जुडी ठेवलेली असायची.

पुढच्याच गळिताच्या हंगामात ती गोष्ट घडली. काट्यावरचा दुसरा क्लार्क आजारी पडला, अण्णांना दुहेरी ड्यूटी करावी लागली. घरी येऊन ते जे आडवे झाले ते मेल्यासारखे झोपले. सकाळी उजाडता उजाडता एक शेतकरी सायकल हातात धरून चाळीत आला. कॅरिअरवर सुजा बसलेली. परकर गुडघ्यापर्यंत ओला.

"कोनाची हाय ही पोरगी?" तो विचारत होता. "पाटाच्या कडंला पान्यात पाय सोडून बसली हुती. मी रातचं उसाला पानी देत दारं धरीत हुतो. पैंजनाचा आवाज आला म्हनून बॅटरी मारली. न्हाईतर..."

पाटाला तेव्हा आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ. अण्णा दारात आले, सुजाला बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं. ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. त्या माणसाला आत बोलावलं, स्वतः चहा केला, त्याच्या हातात कप दिला. बशीत चहा जास्त होता आणि कपात कमी. तो माणूस निघून गेल्यावर त्यांनी सुजाचे पाय पुसले. त्या दिवसापासून रात्री ते आपल्या उपरण्याचं एक टोक तिच्या मनगटाला बांधायचे आणि दुसरं स्वतःच्या. ती चालली की तेही मागं चालायचे.

लोक म्हणायला लागले, पोरगी वयात आली, आता कुठंतरी ठेवा तिला. अण्णा ऐकून घ्यायचे. पण त्या उन्हाळ्यात भागाबाई गेली, आणि ऐकून घेण्याची सोय उरली नाही. दिवसा सुजाला कुणाकडं ठेवायचं? काही दिवस माझ्याकडं बसायची, काही दिवस भोसलेवहिनींकडं. अण्णा काट्यावरून पळत पळत जेवायच्या सुट्टीत येऊन बघून जायचे. नोकरी आज आहे, उद्या निवृत्ती. त्यानंतर अण्णाही म्हातारे होणार. हा हिशेब त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

राहात्याच्या बाजूला अशा मुलींची एक निवासी शाळा होती. अण्णा सुजाला घेऊन तिथं गेले. अधीक्षकबाई भल्या होत्या. सुजाशी बोलल्या, तिला हाताशी धरून सगळीकडं फिरवून आणलं. सगळं विचारून झाल्यावर शेवटी विचारलं, "रात्री झोपते ना?"

अण्णांना खोटं बोलता आलं नाही.

"मग अवघड आहे हो," बाई म्हणाल्या. "एवढ्या मुलींमागं रात्री आमची एकच बाई असते. ही उठून फिरली तर सगळ्या उठतील. हिचंच काही बरंवाईट झालं तर? हिला झोपेची सवय लावा आणि घेऊन या. जागा ठेवते मी."

एस.टी.तून उतरून अण्णा सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसले. "सवय लावा म्हंत्यात," ते म्हणाले, आणि हसले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. बघवतही नव्हतं.

त्याच अधीक्षकबाईंनी त्यांना नगरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. तरुण होत्या, मुलांच्या डॉक्टर, नुकत्याच मुंबईहून शिकून आलेल्या. त्यांनी सुजाला तपासलं, अण्णांना खूप प्रश्न विचारले, आणि मग एक गोष्ट सांगितली. अण्णांनी ती मला इतक्यांदा सांगितली, की मला पाठ झाली. अंधार पडला की आपल्या मेंदूतून एक रस पाझरतो. तो अंगाला निरोप देतो, की रात्र झाली, आता आवर. काही मुलांच्या बाबतीत हा निरोप वेळेवर पोचतच नाही. परदेशात त्या रसाचीच गोळी निघाली आहे, अशा मुलांना ती देऊन बघताहेत. आपल्याकडं अजून मिळत नाही.

"यानं तिची समज वाढणार नाही, ती बोलायला लागणार नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "लागली तर झोप लागेल. कदाचित तीही लागणार नाही. पण बघायला हरकत नाही."

कागदावर नाव लिहून दिलं होतं, मेलाटोनिन. भोसलेवहिनींनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, नावातच मेला आहे! कशाला असलं अभद्र पोरीच्या पोटात घालता?"

"म्हनून मी नाव घेतच न्हाई, वैनी," अण्णा म्हणाले. "मी अंधाराची गोळी म्हंतो."

कारखान्याचे चीफ केमिस्ट देशमाने साहेब, त्यांची मुलगी अमेरिकेत होती आणि नाताळात येणार होती. ही बातमी यांनीच अण्णांच्या कानावर घातली. पण साहेबांच्या बंगल्यावर जायचं म्हणजे अण्णांच्या जिवावर आलं. उभ्या नोकरीत ते त्या फाटकाच्या आत गेले नव्हते. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा यांनी त्यांना सोबत नेलं.

साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. अण्णांना बघून उठलेच. "काय साळवे? काटा बिघडला का?"

"न्हाई सायेब," अण्णा म्हणाले. "काटा चांगला हाय. पोरगी..."

मग यांनी सगळं सांगितलं, कागद पुढं केला. बाईसाहेब आतून आल्या, त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही होय! आमची नीता विमानप्रवास झाला की हीच घेते. तिकडं म्हणे किराण्याच्या दुकानात मिळते."

परत येताना चाळीपाशी आल्यावर अण्णा यांना म्हणाले, "किराण्याच्या दुकानात मिळती म्हंत्यात. आन् आपुन येवढी वर्सं..." आणि आमच्या घरी बसवलेल्या सुजाला घेऊन आत गेले.

नाताळात बाटली आली. पांढरी, लहानशी, वर इंग्रजी लेबल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं अण्णा मंत्रासारखं पाळायला लागले. संध्याकाळी रोज ठरल्या वेळी जेवण. मग अर्धी गोळी दुधात कुस्करून. घरातला मोठा दिवा बंद. खिडकीसमोर कॉलनीचा मर्क्युरीच्या दिव्याचा खांब होता, त्याचा उजेड येऊ नये म्हणून त्यांनी खिडकीला गोधडी टांगली. आमच्याकडं येऊन भीत भीत म्हणाले, "ताई, बातम्यांचा आवाज जरा..." यांनी टीव्ही बारीक केला. भोसल्यांनी केला. कुणी रेडिओ बारीक केला. त्या थंडीत आमची ती ओळ संध्याकाळीच शांत व्हायची, जणू साऱ्या चाळीलाच गोळी दिली होती.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. पैंजण वाजतच राहिले. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवायला सांगितली. मग एका पहाटे मला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. सकाळी अण्णा नळावर आले ते हातात घागर न घेताच. "झोपली," म्हणाले. "मी दोन-चारदा नाकाला बोट लावून बघितलं. श्वास चालू हुता. झोपलीच हुती."

रोज अशी झोप लागायची असं नाही. मधूनच एखादी रात्र पूर्वीसारखी जायची. तरी हळूहळू बसायला लागली घडी. आणि दिवसा सुजा बदलली. बोलली नाही, पण बोटं हलवणं कमी झालं. माझ्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागली. माझ्या मुलानं हाक मारली की वळून बघायला लागली. एकदा तिनं आपणहून माझ्या केसांतलं अबोलीचं फूल काढून स्वतःच्या केसांत खोचलं. अण्णांना सांगितलं तर ते मला पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "आपल्या मनानं? कुनी सांगितलं न्हवतं?"

आम्हाला वाटलं, आता अण्णाही झोपतील. रामभाऊची खुर्ची मोकळी होईल. तसं झालं नाही. जेवणं आटोपून मी ओट्यावर भांडी पालथी घालायला यायची तेव्हा अण्णा पायरीवर बसलेले असायचे. मागं दार लोटलेलं, आत अंधार.

"झोपत का नाही अण्णा? आता तर सुजा झोपते."

त्यांनी मागं वळून दाराच्या फटीतून आत बघितलं.

"कमल गेली," ते म्हणाले. कमल त्यांची बायको. "त्या राती बी सुजा झोपली न्हवती, ताई. मानसं जमलेली, कमल अशी मधी ठेवलेली, आन् मी हिला खांद्यावर घेऊन अंगनात येरझाऱ्या घालीत हुतो. लोक म्हनले, रडू नको, पोरीकडं बघ. मंग बघत राह्यलो. दुसरं काय करायला सवडच न्हवती. आता ही झोपती. घर येकदम गप हुतं. आन् मंग कमल येती."

मी हातातलं भांडं तसंच धरून उभी होते.

"रडाया येतं आता," ते म्हणाले, एखादं दुखणं सांगावं तसे. "येवढ्या वर्सांनी. हिला जाग येईल म्हनून भायेर येऊन बसतो."

आतून माझ्या धाकटीनं हाक मारली आणि मी गेले. नंतर खिडकीतून बघितलं तर ते तसेच बसले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर अण्णा पुन्हा राहात्याला गेले. अधीक्षकबाईंनी जागा ठेवली होती. तोच प्रश्न विचारला. "झोपती, म्हनलो," अण्णांनी मला सांगितलं. "म्हनताना असं वाटलं, चुगली करतोय पोरीची." आठ दिवस ठेवून बघू असं ठरलं. आठ दिवसांनी बाईंनी निरोप पाठवला, राहू द्या.

पहिल्या दिवशी सुजाला पोचवायला मीही गेले होते. अण्णांनी तिच्यासाठी नवी चादर घेतली होती. गोळीची बाटली त्यांनी बाईंच्या हातात दिली आणि कधी, किती, कशातून, दिवा कधी बंद करायचा, हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. बाईंनी मध्येच थांबवलं नाही. सुजा तिच्या खाटेवर बसून बाजूच्या मुलीच्या रिबिनीला हात लावून बघत होती. आम्ही निघालो. फाटकापाशी अण्णा थबकले, पण वळले नाहीत. मीच वळून बघितलं. ती अजून रिबिनीशीच खेळत होती.

"बघती का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "रमली."

वर्षभरात यांना दौंडच्या बाजूला नोकरी लागली आणि आम्ही कॉलनी सोडली. अण्णांच्या बातम्या कधीमधी कानावर यायच्या. देशमाने साहेब निवृत्त होऊन गेले, तरी त्यांच्या मुलीकडून बाटल्या येत राहिल्या. पुढं डॉक्टरीणबाईंनीच काही सोय केली म्हणे. सुजा तिथं टोपल्या विणायला शिकली. अण्णाही निवृत्त झाले.

त्यानंतर एकदाच मी त्यांना बघितलं. मुलांना घेऊन शिर्डीला निघाले होते. श्रीरामपूरच्या स्टँडवर गाडीत चढले तेव्हा मागचीच जागा मिळाली. धाकटी मांडीवर, पायाशी पिशव्या. गाडी भरायला लागली होती. पुढं तीन-चार बाकं सोडून खिडकीशी अण्णा बसलेले दिसले. केस पार पांढरे झालेले, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. रविवार होता, सुजाच्या शाळेत मुलींना भेटायचा दिवस. हाक मारावी म्हणून मी मान उंचावली, पण मांडीवरची धाकटी कुरकुरायला लागली.

अण्णांच्या शेजारची जागा मोकळी होती. तिच्यावर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती आणि पिशवीवर हात, सुजाला धरून ठेवायचे तसा. एक पागोटेवाला म्हातारा वाट काढत त्यांच्यापाशी आला.

"पाव्हणं, हितं कोन हाय का?"

"हाय," अण्णा चटकन म्हणाले.

म्हातारा पुढं सरकला. गाडी सुरू झाली, स्टँडच्या बाहेर पडली. म्हातारा दांडीला धरून उभाच होता. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी शेजारच्या जागेकडं बघितलं, पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि हात लांब करून म्हाताऱ्याच्या बाहीला ओढलं.

"न्हाई, बाबा," ते म्हणाले. "कोनी न्हाई. बसा."